ईथर की ईस्टर, अमीन की अमाइड? क्रियात्मक गटांची अदलाबदल पुन्हा पुन्हा होत असेल तर

आधी लक्षणं

क्रियात्मक गट म्हणजे रेणूची वागणूक ठरवणारा अणूंचा गट. सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवताना मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केलेली चूक या गटांच्या अदलाबदलीचीच असेल. ती येते तेव्हा तिचं रूप बहुतेक ठरलेलं असतं. विद्यार्थ्याला संयुजा येते, समीकरण संतुलित करता येतं, अभिक्रियाही आठवतात. पण ‘ईथर काढ’ म्हटलं की कागदावर ईस्टर उतरतो. खालच्यापैकी दोन-तीन गोष्टी ओळखीच्या वाटल्या तर पुढे वाचा.

– ईथरमध्ये एक ऑक्सिजन जास्तीचा येतो, नाहीतर ईस्टरमधला एक गळतो.
– कार्बोक्झिलिक आम्लाच्या रचनेखाली तुम्ही ‘कीटोन आणि अल्कोहोल’ असं लिहिता.
– अमाइडला आम्लारी समजून हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर त्याचा क्षार तयार करता.
– फेनिल, बेंझिल आणि बेंझॉइल यांची अदलाबदल होते आणि कार्बनची मोजणी एकाने चुकते.
– क्रियात्मक गटांचा तक्ता पाठ केला की चार दिवस सगळं बरोबर येतं. पाचव्या दिवशी तीच चूक परत.

पाठांतर पुरत असतं तर चूक परत आलीच नसती. म्हणून तक्ता पुन्हा घोकण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे ते शोधू. सोप्या तपासण्या आधी, कष्टाच्या नंतर. बहुतेकांचं काम चौथ्या तपासणीच्या आतच होतं.

तपासणी १: बिघाड वाचण्यात आहे की बघण्यात?

याला दहा मिनिटं आणि एक कागद लागतो. पुस्तकातून दहा नावं निवडा आणि त्यांच्या रचना काढा. मग वेगळ्या दहा रचना घ्या आणि त्यांतले गट ओळखा. दोन्हींचे गुण वेगवेगळे ठेवा, बेरीज करू नका.

नावावरून रचना काढताना चुकत असेल तर अडचण नाव वाचण्यात आहे; तपासणी २ आणि ५ नीट करा. रचनेवरून गट ओळखताना चुकत असेल तर अडचण बघण्यात आहे. तपासणी ३ आणि ४ तुमच्यासाठी. हे आधी ठरवणं महत्त्वाचं, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. रचना बघताना चुकणाऱ्याने नावं कितीही घोकली तरी फरक पडत नाही, आणि मग मुलं स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देत बसतात. तो दोष बहुतेक वेळा तिचा नसतो.

तपासणी २: शेवटचं अक्षर आणि त्यावरची खूण

मराठीतून शिकणाऱ्यांसाठी ही तपासणी फार मोलाची आहे. मिथेनॉल आणि मिथेनाल ही नावं शेजारी ठेवून बघा. फरक फक्त एका अर्धचंद्राचा. छपाईत तो पुसट झाला किंवा घाईत लिहायचा राहिला की अल्कोहोलचं अल्डिहाइड होतं. काही पुस्तकं ‘मिथेनल’ छापतात. तिथे गोंधळ थोडा कमी होतो. इथेनॉल-इथेनाल, प्रोपेनॉल-प्रोपेनाल यांचंही तेच. अल्केन आणि अल्कीन यांच्यात तर एका वेलांटीचा आणि एका मात्रेचाच फरक.

ही नावं मुद्दामच अशी जवळजवळची बांधलेली आहेत. ऑगस्ट विल्हेल्म फॉन हॉफमन यांनी १८६६ मध्ये हायड्रोकार्बनांच्या नावांसाठी लॅटिन स्वरांचा क्रम सुचवला: हायड्रोजन जसजसा कमी होत जाईल तसतसा नावातला स्वर पुढे सरकेल. अल्केन आणि अल्कीन ही त्याच क्रमाची पहिली दोन पावलं. पुढे १८९२ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेने अल्कोहोलसाठी ‘ऑल’, अल्डिहाइडसाठी ‘आल’ आणि कीटोनसाठी ‘ओन’ असे प्रत्यय पक्के केले. म्हणजे सगळी माहिती नावाच्या शेपटीत आहे, आणि आपण वाचताना डोक्याकडे बघतो. ‘मिथेन...’ एवढं दिसलं की मन पुढचं स्वतःच भरून टाकतं.

उपाय साधा आहे. दोन आठवडे प्रत्येक नाव शेवटाकडून वाचा. आधी प्रत्ययाखाली रेघ मारा, तो कोणता गट सांगतो ते मोठ्याने म्हणा, मगच कार्बनची साखळी मोजा. अर्धचंद्र वेगळ्या रंगाच्या पेनाने द्या. हे बालिश वाटतं, पण मिथेनॉल-मिथेनालची अदलाबदल यानेच थांबलेली मी अनेकांच्या वहीत पाहिली आहे.

तपासणी ३: कार्बोनिल आहे का, आणि त्याच्या शेजारी कोण आहे?

आता बघण्यातला बिघाड. दहापैकी सात-आठ जणांचा बिघाड मला इथेच सापडतो, म्हणून इथे घाई करू नका.

कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातला दुहेरी बंध म्हणजे कार्बोनिल. तो दिसला की विद्यार्थी लगेच ‘कीटोन’ लिहितो, पुढे हायड्रॉक्सिल दिसलं की ‘अल्कोहोल’ लिहितो, आणि आम्लाचे दोन तुकडे होतात. ईस्टरचे तसेच ‘कीटोन आणि ईथर’ होतात, अमाइडचे ‘कीटोन आणि अमीन’. तिन्ही चुकांचं मूळ एकच: कार्बोनिल आणि त्याला चिकटलेला शेजारी यांना वेगळं वाचणं.

कार्बोनिलच्या कार्बनला दोन बाजू असतात. दोन्ही बाजूंना कार्बन असेल तरच तो कीटोन. एका बाजूला हायड्रोजन असेल तर अल्डिहाइड. एका बाजूला हायड्रॉक्सिल असेल तर कार्बोक्झिलिक आम्ल. शेजारी ऑक्सिजन आहे आणि त्या ऑक्सिजनच्या पलीकडे पुन्हा कार्बन असेल तर ईस्टर. नायट्रोजन असेल तर अमाइड. क्लोरीन असेल तर आम्ल क्लोराइड. दोन कार्बोनिलांच्या मधे एकच ऑक्सिजन असेल तर अनहायड्राइड.

म्हणून कार्बोनिल दिसल्याबरोबर नाव लिहू नका. त्याच्या कार्बनभोवती पेन्सिलने गोल काढा, आणि तो गोल दोन्ही शेजाऱ्यांना पोटात घेईल एवढा मोठा ठेवा. एका गोलाला एकच नाव. आम्लाच्या गटाला आपण एका दमात ‘सी-डबल-ओ-एच’ म्हणतो ते योग्यच आहे. तो एकच गट आहे आणि एकत्रच वागतो. आम्लातलं हायड्रॉक्सिल अल्कोहोलसारखं वागत नाही, कारण शेजारच्या कार्बोनिलमुळे प्रोटॉन सुटल्यावर उरणारा ऋणभार दोन ऑक्सिजनांत वाटला जातो. पीकेए हे आम्लधर्माचं माप; तो जितका लहान तितकं आम्ल तीव्र. इथेनॉलचा पीकेए १६ च्या आसपास, ॲसिटिक आम्लाचा ४.७६. पीकेएमधला प्रत्येक अंक म्हणजे दहापट, तेव्हा हा फरक दहा हजार कोटी पटींहून जास्त आहे.

तपासणी ४: बोट ठेवा

एक विद्यार्थिनी एकाच आठवड्यात तिसऱ्यांदा ईथर म्हणून ईस्टर काढून आली होती. तक्ता तिला तोंडपाठ होता. मी तिला एकेरी बंधांच्या ऑक्सिजनवर बोट ठेवायला सांगितलं आणि विचारलं, “डावीकडे कोण?”

“कार्बन.”

“उजवीकडे?”

“कार्बन.”

“उजवीकडच्या कार्बनवर आणखी काय आहे?”

ती थांबली. बोट तसंच ठेवून तिने दुसऱ्या हाताने दुहेरी बंधावरून पेन्सिल फिरवली. “ऑक्सिजन आहे, मॅडम. दुहेरी बंधाने.” आणि मी काही म्हणायच्या आत तिने तो ऑक्सिजन खोडला.

तपासणी एवढीच आहे. विषम अणूवर, म्हणजे ऑक्सिजनवर किंवा नायट्रोजनवर, बोट ठेवायचं आणि दोन्हीकडच्या कार्बनवर आणखी काय आहे ते विचारायचं. दोन्हीकडे कार्बोनिल नसलेले कार्बन, तर ईथर. एकीकडे कार्बोनिल, तर ईस्टर.

या दोन नावांत साम्य का आहे हे कळलं की फरक जास्त टिकतो. जर्मन भाषेत ‘एसिग’ म्हणजे व्हिनेगर आणि ‘एथर’ म्हणजे ईथर. आज आपण ज्याला इथाइल ॲसिटेट म्हणतो त्या द्रवाला तेव्हा ‘एसिग-एथर’, व्हिनेगरचा ईथर, म्हणत. लिओपोल्ड ग्मेलिन यांनी १८४८ मध्ये ‘ईस्टर’ हा शब्द घडवला, तो बहुधा याच जोडशब्दाचा संक्षेप. म्हणजे ईस्टरमधला ‘स’ हा व्हिनेगरचा, आणि व्हिनेगर म्हटलं की कार्बोनिल आलाच. मुलांना मी हेच सांगते: ‘स’ दिसला की कार्बोनिल शोधा.

नायट्रोजनची चौकडीही याच पद्धतीने सुटते. अमीन, अमाइड, इमीन, इमाइड. नायट्रोजनवर बोट ठेवा. सगळे बंध एकेरी आणि शेजारी कार्बोनिल नाही, तर अमीन. शेजारी एक कार्बोनिल, तर अमाइड. दोन्ही बाजूंना कार्बोनिल, तर इमाइड. नायट्रोजन स्वतःच कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला, तर इमीन. या चौघांपुरती एक खूण चालते: नावाच्या शेवटी ‘ड’ असेल तर कार्बोनिल आहे, ‘न’ असेल तर नाही. ही खूण चौकडीबाहेर नेऊ नका. क्लोराइड, ऑक्साइड, अझाइड यांनाही ‘ड’ आहे आणि त्यांचा कार्बोनिलशी संबंध नाही. तिहेरी बंध असेल तर तो नायट्राइल, आणि त्याची गोष्ट वेगळी.

नायट्रो आणि नायट्रेट ही जोडीही बोट ठेवून बघण्यासारखी आहे. कार्बन थेट नायट्रोजनला जोडलेला असेल तर नायट्रो संयुग. मधे ऑक्सिजन असेल तर तो नायट्रिक आम्लाचा ईस्टर, म्हणजे नायट्रेट. या हिशेबाने नायट्रोग्लिसरीनमध्ये एकही नायट्रो गट नाही. तिथे तीन नायट्रेट ईस्टर आहेत. उलट टीएनटीमध्ये तिन्ही गट खरे नायट्रो आहेत, थेट बेंझीनच्या वलयाला जोडलेले.

फेनिल, बेंझिल, बेंझॉइलसाठी बोट वलयाबाहेरच्या पहिल्या अणूवर ठेवायचं. जोडणी थेट वलयातूनच असेल तर फेनिल. मधे दोन हायड्रोजनांचा एक कार्बन असेल तर बेंझिल. तो कार्बन कार्बोनिल असेल तर बेंझॉइल. फेनॉलचं हायड्रॉक्सिल थेट वलयावर असतं आणि बेंझिल अल्कोहोलचं एक कार्बन लांब. त्या एका कार्बनमुळे फेनॉल चांगलंच आम्लधर्मी, पीकेए १० च्या आसपास, आणि बेंझिल अल्कोहोल साध्या अल्कोहोलसारखं.

प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक हे शब्द जाता जाता तपासा. अल्कोहोलमध्ये हायड्रॉक्सिल ज्या कार्बनवर आहे त्या कार्बनचे कार्बन-शेजारी मोजतात. अमीनमध्ये मात्र नायट्रोजनला जोडलेले कार्बन मोजतात. म्हणून टर्ट-ब्युटाइल अल्कोहोल तृतीयक आणि टर्ट-ब्युटाइल अमीन प्राथमिक.

तपासणी ५: फसवी नावं

नावाची शेपटी वाचायची सवय लागली की नवी अडचण येते: काही जुनी नावं शेपटीचा नियम पाळत नाहीत. ॲनिसोल हे ईथर आहे. पिरोल आणि इंडोलमध्ये हायड्रॉक्सिल नाहीच. लॅक्टोन म्हणजे वलयात बसलेला ईस्टर, लॅक्टम म्हणजे वलयातलं अमाइड. पेनिसिलिनमध्ये असतं ते बीटा-लॅक्टम. सिलिकोनमध्ये कीटोन नाही. फ्रेडरिक किपिंग यांना ती संयुगं कीटोनांसारखी असतील असं वाटलं होतं आणि नाव तसंच राहिलं. हायड्रोक्विनोनमध्ये दोन हायड्रॉक्सिल आहेत, क्विनोनमध्ये दोन कार्बोनिल.

यांत सर्वांत जास्त त्रास देतो तो ॲसिटाल. शेवट ‘आल’, म्हणून मुलं अल्डिहाइड लिहितात. प्रत्यक्षात एकाच कार्बनवर एकेरी बंधाचे दोन ऑक्सिजन असतात, दोघांच्या पलीकडे कार्बन, आणि कार्बोनिल कुठेच नाही. त्यातल्या एका ऑक्सिजनवर हायड्रोजन असेल तर तो हेमिॲसिटाल. ग्लुकोजचं वलय हेमिॲसिटालमुळेच मिटलेलं असतं. ते उघडू शकतं आणि अल्डिहाइड मोकळं होतं, म्हणून ग्लुकोज अल्डिहाइड ओळखायची टॉलेन्स चाचणी देतं. साखरेत, म्हणजे सुक्रोजमध्ये, दोन्ही टोकं बांधलेली असतात. वलय उघडत नाही आणि चाचणी येत नाही.

ही नावं मात्र पाठच करावी लागतात. वहीच्या शेवटच्या पानावर वेगळी यादी ठेवा. वीस-बावीसच्या पुढे ती सहसा जात नाही.

तपासणी ६: वागणुकीवरून ताळा

कागदावर उत्तर आलं, तरी खात्री नसेल तर विचारा: हा गट असेल तर पदार्थ कसा वागेल?

अमीन आम्लारी आहे, कारण नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनांची एकाकी जोडी प्रोटॉन घ्यायला मोकळी असते. अमाइडमध्ये ती जोडी कार्बोनिलकडे ओढली जाते आणि पदार्थ जवळपास उदासीन राहतो. त्यामुळे तुम्ही लिहिलेलं ‘अमाइड’ विरल आम्लाबरोबर सहज क्षार देत असेल तर गट पुन्हा तपासा. अल्डिहाइड आणि कीटोन दोन्ही २,४-डायनायट्रोफेनिलहायड्राझिनबरोबर पिवळा ते नारिंगी अवक्षेप देतात. ईस्टर, आम्ल आणि अमाइड सहसा देत नाहीत. तपासणी ३ मधला मोठा गोल रसायनशास्त्राला का मान्य आहे ते इथे दिसतं. टॉलेन्स चाचणीत अल्डिहाइड चांदीचा आरसा देतं, साधा कीटोन देत नाही. सोडियम बायकार्बोनेटबरोबर कार्बोक्झिलिक आम्ल फसफसतं, फेनॉल सहसा नाही. फेरिक क्लोराइडबरोबर फेनॉल जांभळट रंग देतं.

सरावासाठी मी ॲस्पिरिन देते. रचना काढली की मुलं लिहितात: आम्ल, कीटोन, ईथर. कोणी फेनॉलही लिहितं. मोठे गोल काढा. एका गोलात कार्बोक्झिलिक आम्ल. दुसऱ्यात कार्बोनिल, त्याच्या एका बाजूला मिथाइल आणि दुसऱ्या बाजूला वलयाला जोडलेला ऑक्सिजन, हा ईस्टर. कीटोन नाही, ईथर नाही, फेनॉलही नाही, कारण फेनॉलचा तो हायड्रोजन जाऊन तिथे ॲसिटाइल बसलं आहे. आता ताळा: शुद्ध ॲस्पिरिन फेरिक क्लोराइडबरोबर जांभळा रंग देत नाही, ज्यापासून ते बनवतात ते सॅलिसिलिक आम्ल देतं. जुन्या, ओल लागलेल्या ॲस्पिरिनच्या बाटलीला व्हिनेगरचा वास येतो तो याच ईस्टरमुळे. पाण्याने तो तुटतो आणि ॲसिटिक आम्ल सुटतं. ग्मेलिनचा ‘स’ असा बाटलीतून बाहेर येतो.

एका गटाच्या फरकाने किती बदलतं याचं माझं आवडतं उदाहरण प्रोकेन आणि प्रोकेनामाइड. दोन्ही रेणू जवळपास सारखे. एकात ईस्टर, दुसऱ्यात त्याच जागी अमाइड. प्रोकेन जागेवर बधिरता आणणारं औषध, आणि रक्तातली विकरं त्याचा ईस्टर झटपट तोडतात. अमाइड तितक्या सहज तुटत नाही. प्रोकेनामाइड शरीरात जास्त टिकतं आणि हृदयाची अनियमित लय आवरण्यासाठी वापरलं गेलं. हे ऐकल्यावर ‘एका अक्षराने काय होतं’ असं कोणी म्हणत नाही.

तपासणी ७: अवरक्त वर्णपट

अवरक्त वर्णपट म्हणजे पदार्थ कोणता अवरक्त प्रकाश शोषतो त्याचा आलेख. हे घरी होणारं काम नाही, पण छापलेला वर्णपट वाचायला जरूर शिका. कार्बोनिलची पट्टी साध्या कीटोनमध्ये १७१५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास येते, ईस्टरमध्ये १७४० च्या आसपास, अमाइडमध्ये खाली, साधारण १६५० ते १६९० मध्ये. ईथरमध्ये या भागात काहीच नाही. नायट्राइलची पट्टी २२५० च्या जवळ. शेजारी वलय किंवा दुहेरी बंध असेल तर आकडे सरकतात, म्हणून एकाच पट्टीवर निकाल देऊ नका.

कुठे थांबायचं आणि कोणाला विचारायचं

पहिल्या चार तपासण्या दोन-तीन आठवडे रोज करूनही चूक तशीच असेल तर नवा तक्ता शोधू नका, शिक्षकांकडे जा. जाताना चुकलेल्या रचना खोडू नका, तशाच दाखवा. अनेकदा मूळ एक पायरी खाली असतं: कार्बनचे चार बंध मोजणं, किंवा नागमोडी रेषेत न दाखवलेले हायड्रोजन ओळखणं. एखाद्या मुलाची अक्षरं आणि मात्रा सगळ्याच विषयांत जागा बदलत असतील तर प्रश्न रसायनशास्त्राचा नसेल. वाचन-अक्षमतेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना भेटा. त्याला आळशी ठरवून आणखी घोकायला लावू नका.

औषधाच्या नावावरून ‘हे ईस्टर आहे, मला याची ॲलर्जी आहे, ते अमाइड चालेल’ असा निर्णय स्वतः घेऊ नका. दोन्ही गटांची बधिरता आणणारी औषधं आहेत आणि भेद खरा आहे, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं.

प्रयोगशाळेत नाव पुसलेली बाटली सापडली तर वास घेऊन किंवा थेंबभर टाकून गट ओळखायला जाऊ नका. टॉलेन्स अभिकारक ताजं करायचं आणि काम झाल्यावर शिक्षकांच्या देखरेखीखाली लगेच नष्ट करायचं. ठेवून दिलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नसतील तर तिसरी चाचणी जोडण्यापेक्षा नमुना वर्णपट काढणाऱ्यांकडे द्या.

आणि ईथर-ईस्टरचा गोंधळ जिथे खरोखर जिवावर बेतू शकतो ती जागा: कपाटातली जुनी बाटली. इथाइल ॲसिटेटमध्ये हा धोका सहसा नसतो. डायइथाइल ईथर मात्र हवा आणि उजेड लागून साठवणीत पेरॉक्साइड तयार करतं, आणि ते धक्क्याने किंवा उष्णतेने फुटू शकतं. लेबलवर ईथर आहे, उघडल्याची तारीख जुनी आहे किंवा लिहिलेलीच नाही, झाकणाभोवती किंवा तळाशी स्फटिक दिसतायत, तर झाकण फिरवून बघू नका, बाटली उचलू नका, हलवू नका. सगळ्यांना खोलीबाहेर काढा आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांना बोलवा.